अडनिड्या वयाच्या खुर्च्या

धरमपेठेतलं आत्याचं घर रिकामं करताना लिहिण्याचं टेबल आम्ही अगदी शेवटी हलवलं. चौघांनी मिळून ते उलटं केलं तेव्हा फळीच्या पोटावर पांढऱ्या रंगाने साच्यातून उमटवलेली दोन अक्षरं आणि एक आकडा दिसला. अक्षरं पुसट झाली होती, आकडा मात्र स्पष्ट. त्या टेबलावर मी बाराखडी गिरवली होती. त्याच्या पोटावर काही लिहिलेलं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आत्या दारात उभी होती. म्हणाली, "छप्पन्न साली आलं हे आपल्याकडे. राजधानी गेली ना भोपाळला. साहेबलोक निघाले, सामान विकून गेले. तुझ्या आतोबांनी टेबल घेतलं, खुर्च्या घेतल्या, ती बंगईसुद्धा त्यातलीच."

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर एका मोठ्या राज्याची राजधानी राहिलं नाही. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. आत्याच्या घरात त्या ओळीचे सामानासकट पुरावे होते: सहा वेताच्या खुर्च्या, एक आरामखुर्ची, सरकत्या काचांचं पुस्तकांचं कपाट, बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा, हे टेबल आणि एक टीपॉय. या टीपॉयची गंमत सांगायलाच हवी. त्याचा चहाशी मुळात काही संबंध नाही. तीन पायांची ती तिपाई. साहेबांच्या तोंडी तिचं 'टीपॉय' झालं, आणि तेच नाव आपण परत घरात घेतलं.

आता आत्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चालली होती आणि या सगळ्याला नवीन घर शोधायचं होतं. मला वाटलं, आठ दिवसांचं काम आहे. त्याला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत कळलं की आपण आयुष्यभर ज्यांच्यावर बसलो त्या वस्तूंबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नव्हतं.

सुरुवात लाकडापासून करतो. लकडगंजातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं होतं. त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख दाबलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "सीपी टीक आहे बाप्पा. असं लाकूड आता भेटत नाही." सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला. लाकूडबाजारात मात्र त्याचं नाव आजही चालतं. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सागाला व्यापारी अजून सीपी टीक म्हणतात, नाहीतर बल्लारशा टीक.

सोनेरी अंगावर तपकिरी रेषा, हाताला किंचित तेलकट स्पर्श आणि नव्या चामड्यासारखा वास. सागाच्या अंगातच एक संरक्षण असतं. टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य वाळवीला नकोसं वाटतं, रबरासारखा एक अंश पाण्याला सहज आत शिरू देत नाही, आणि सिलिकाचे बारीक कण रंध्याची धार बोथट करतात. सुताराला साग जड जातो तो यामुळेच, आणि वाळवीलाही. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसदभवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. म्हणजे आत्याचं टेबल आणि खासदारांची बाकं, दोन्हींचं कूळ एकाच रानातलं असायला हरकत नाही.

पण मी खरा थक्क झालो ते टेबलाच्या कडेवरच्या रेघा मोजताना. सागाच्या खोडात दरवर्षी एक वलय उमटतं आणि ते डोळ्यांना स्वच्छ दिसतं, कारण पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड मोठ्या नळ्या तयार करतं आणि पुढे बारीक. चांगला पाऊस झाला की वलय रुंद, दुष्काळ पडला की अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मध्य भारतातल्या सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढला आहे. पर्जन्यमापकाची नोंद जिथे संपते तिथून पुढे झाड बोलतं.

टेबलाच्या फळीच्या एका टोकाला मी भिंगातून एक्काहत्तर रेघा मोजल्या. खोडाचा सगळा घेर एका फळीत येत नाही, त्यामुळे झाडाचं वय त्याहून जास्तच असणार. आता हिशेब मांडा. १९५० च्या आसपास तोडलेलं झाड शंभर वर्षांचं धरलं, तर ते रुजलं तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. संस्थान खालसा झालं ते १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारल्यानंतर. १८९९ चा भयंकर दुष्काळही त्या खोडात कुठेतरी एका केसाएवढ्या रेघेत असेल. तो विक्रम संवताच्या हिशेबाने छप्पन्नचा दुष्काळ म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. आणि टेबल आमच्या घरी आलं ते इसवी सनाच्या छप्पन्नात. योगायोगच आहे, पण त्या रेघांवर बोट ठेवल्यावर मला तो साधा वाटला नाही.

झाड तोडलं की ते मेलं, असं आपण समजतो. लाकडाला ते मान्य नसतं. हवेत ओल वाढली की लाकूड ती शोषून घेतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की सोडून देतं आणि आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, सगळी हालचाल रुंदीत होते. त्यातही वलयांच्या दिशेने ती जास्त, आणि वलयांना आडवी जाणाऱ्या दिशेने तिच्या सुमारे निम्मी. म्हणून गोल कापलेली लाकडी खुंटी काही वर्षांनी बारीक लंबगोल होते. नागपूर तर या बाबतीत लाकडाची परीक्षाच घेतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि दोन महिन्यांनी भिंतींना ओल. हातभर रुंद सागवानी फळी या दोन टोकांत तीन-चार मिलीमीटर सहज मागेपुढे होते. घरात कूलर लावला असेल तर आणखी गुंता. त्याच्या झोतासमोरचा खुर्चीचा हात भर मे महिन्यात श्रावण भोगत असतो आणि दुसरा हात वैशाख.

तीन-चार मिलीमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण फुगणारं लाकूड जखडून ठेवलं तर त्याचं बळ सांधे उचकटू शकतं, फळी फाडू शकतं. जुन्या सुतारांनी त्याला जखडलंच नाही. कपाटाचं दार बघा: भोवती चौकट, आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली, न चिकटवता. ती फळी आयुष्यभर त्या खाचेत मागेपुढे होत राहते आणि बाहेरून दार जसंच्या तसं दिसतं. टेबलाच्या पायात एका लाकडाला खोबण आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात नेमकी बसणारी जीभ, वर आडवी लाकडी खुंटी. लोखंडाचा खिळा एकही नाही. मिस्त्रींनी मला एक सांधा हलवून दाखवला. सत्तर वर्षांनी तो किंचित हलत होता, पण सुटला नव्हता.

सांध्यातला चिकट पदार्थही मिस्त्रींनी ओळखला: सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, गरम करून लावायचा. जुन्या दुकानांत सरसाचं भांडं उकळत असलं की तो वास गल्लीभर पसरायचा, असं ते म्हणाले. १९५९ साली पिडिलाइट कंपनी सुरू झाली, फेव्हिकॉल आलं आणि सुताराची या उकळण्यातून सुटका झाली. सोय झाली यात शंका नाही. पण सरसाचा एक गुण फेव्हिकॉलमध्ये नाही. ऊब आणि ओल दिली की सरस पुन्हा सैल होतो. सांधा न मोडता उघडता येतो, दुरुस्त करून परत बसवता येतो. ज्याने ही खुर्ची बनवली त्याने ती पुढे कधीतरी कोणीतरी उघडणार हे गृहीत धरलं होतं. त्या अनोळखी माणसासाठी त्याने वाट ठेवली होती, आणि सत्तर वर्षांनी तो माणूस लकडगंजातून येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

पॉलिशची गोष्ट तशीच. ते लाखेचं. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक इवलासा कीटक चिकटून बसतो, रस पितो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ती राळ खरवडून, वितळवून, तिचे पातळ पापुद्रे करतात. तो चपडा. स्पिरिटमध्ये तो विरघळवायचा आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर द्यायचा. गरम कपाने त्यावर पांढरं कडं उमटतं हे खरं, पण नवीन थर दिला की त्यातलं स्पिरिट जुना थर विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. जुनं खरवडावं लागत नाही. आम्ही मात्र हे कळायच्या आधीच एका खुर्चीचा हात पॉलिश पेपरने घासून बसलो होतो. आतोबांच्या तळव्याने तिथे जी काळसर चकाकी आली होती ती गेली. ती परत आणता येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

वेताबद्दल थोडंसंच. वेत हा वेलीसारखा चढणारा ताड आहे. त्याच्या सालीच्या पट्ट्या सहा फेऱ्यांत विणल्या की अष्टकोनी भोकांची ती ओळखीची जाळी तयार होते. देशभर अंधशाळांतून हे विणकाम शिकवत आले आहेत, कारण ते बोटांनी वाचता येतं. सैल पडलेल्या जाळीला खालून ओलं फडकं लावून ठेवलं तर वाळताना ती पुन्हा ताणली जाते. आम्ही सहापैकी चार खुर्च्या अशा सावरल्या. ज्या संध्याकाळी पहिल्या जाळीवर टिचकी मारली आणि तिने डफासारखा आवाज दिला, त्या संध्याकाळी मी सगळ्या घराला बोलावून ती वाजवून दाखवली.

एवढं सगळं कळल्यावर विकत घेणाऱ्यांशी बोलणं अवघड होऊ लागलं. भंगारवाला वजनावर बोलत होता. जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणाला, कोरीवकाम असतं तर घेतलं असतं, हे फारच साधं आहे. एका संग्रहालयात विचारलं तर उत्तर आलं, हे अजून तेवढं जुनं नाही. तिघांचंही खरं होतं. आपल्याकडे मुलांच्या बाबतीत अडनिडं वय म्हणतात ना, धड लहान नाही, धड मोठं नाही, तसं या फर्निचरचं झालं होतं.

कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार वस्तू पुरावशेष ठरायला साधारणपणे शंभर वर्षं जुनी असावी लागते. १९५५ ची खुर्ची २०५५ साली त्या व्याख्येत बसेल. तोपर्यंत ती जुनं सामान. या मधल्या काळात काय होऊ शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण चंदीगडचं आहे.

चंदीगड वसवताना त्या शहराचे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे तिथे येऊन राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालयं उभी राहत होती आणि त्या सगळ्यांत बसायला हजारो खुर्च्या हव्या होत्या. जानरे आणि त्यांच्याबरोबरच्या भारतीय वास्तुरचनाकारांनी त्या घडवल्या. त्यांच्यात युली चौधरी होत्या. साग आणि वेत, आणि कंपाससारखे उलट्या व्हीच्या आकारातले पाय. वेगवेगळ्या सुतारांनी त्या हाताने बनवल्या, म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही बारीक फरक असतो. जानरे १९६५ पर्यंत तिथे राहिले. १९६७ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा चंदीगडच्याच सुखना तलावात सोडण्यात आली.

खुर्च्या मात्र म्हाताऱ्या झाल्या. वेत फाटला, सांधे सैल झाले, कचेऱ्यांत नव्या खुर्च्या आल्या. जुन्यांचे ढीग गच्च्यांवर आणि अंगणांत पडले, सरकारी लिलावात किरकोळ भावाने गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, दुरुस्त केले, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेका खुर्चीची किंमत लाखांत गेली. यात चोरी नव्हती, शंभर वर्षांची अट पुरी होत नसल्याने कायदा आड येत नव्हता. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. मग मोजदाद झाली आणि शहरात अजून साडेबारा हजारांहून अधिक वस्तू शिल्लक असल्याचं दिसलं. एमी सीगल या अमेरिकी कलावतीने २०१३ मध्ये 'प्रॉव्हेनन्स' नावाची फिल्म केली. तिच्यात या खुर्च्यांचा प्रवास उलटा दाखवला आहे: श्रीमंतांच्या दिवाणखान्यापासून मागे मागे चंदीगडच्या कचेरीपर्यंत.

या हकिकतीतला एक तपशील वाचून मी उठून टेबलाकडे गेलो होतो. चंदीगडच्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने खात्याची आद्याक्षरं आणि अनुक्रमांक घातलेले असतात. कोणा कारकुनाने सामानाची मोजणी चुकू नये म्हणून ते घातले. आज तेच आकडे खुर्ची अस्सल असल्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा मानतात, आणि ज्यांनी पॉलिश करताना ते खरवडून टाकले त्यांनी तो पुरावाही खरवडून टाकला. आमच्या टेबलाखालचा आकडा कुठल्या कचेरीचा ते आत्यालाही ठाऊक नाही. मी मिस्त्रींना सांगितलं, टेबलाच्या पोटाला हात लावायचा नाही.

आणि कायद्याची, बाजारभावाची वाट न पाहता अडनिड्या वयातच वस्तू सांभाळल्या गेल्याचं उदाहरण तर नागपूरच्या अंगणात आहे. त्याच १९५६ च्या शरदात, राजधानी जायच्या अडीच आठवडे आधी, १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या सोहळ्याच्या संयोजनात वामनराव गोडबोले पुढे होते. ६ डिसेंबरला दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेब गेले. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपून ठेवलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोडबोल्यांच्या हाती सोपवल्या, आणि त्या नागपूरजवळच्या चिचोलीला, शांतिवनात आल्या. कोट, टोप्या, हातातल्या काठ्या, आणि राज्यघटनेच्या मसुद्याशी ज्याचं नाव जोडलं जातं तो टाइपरायटर.

विचार करा, त्या वेळी त्या वस्तूंना बाजारात काय किंमत होती? वापरलेले लोकरी कोट आणि एक जुना टाइपरायटर. पण रत्तूंना त्या कुठून आल्या हे माहीत होतं, गोडबोल्यांना त्या कुठे पोचायला हव्यात हे माहीत होतं, आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना ती माहिती सांडली नाही. लोकर आणि कागद नागपूरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लाकडापेक्षाही लवकर खचतात. पुढे या वस्तूंवर जतनाची रासायनिक प्रक्रियाही करावी लागली. मी तिथे गेलो तेव्हा एक आजी टाइपरायटरसमोर हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे थांबलो, पुढे जावंसं वाटलं नाही.

घरी येऊन मी एक वही केली. प्रत्येक वस्तूचा फोटो, मापं, लाकूड, कुठे दुरुस्ती झाली ते, आणि आत्याच्या आठवणी तिच्याच शब्दांत. कपाटाच्या वरच्या कप्प्यात १९६२ च्या लढाईच्या वेळचे रेडिओचे परवाने ठेवलेले असत. आरामखुर्चीत आजोबा गेले. बंगईची उजवी कडी दोनदा बदलली. प्रत्येक पानाची नक्कल करून ती त्या त्या वस्तूच्या पाठीला पाकिटात लावली. मग देवाणघेवाण आश्चर्य वाटेल इतकी सोपी झाली. चार खुर्च्या एका लहान वाचनालयाने घेतल्या. मुलं तिथे रोज बसतात. कपाट पुस्तकांसकट एका निवृत्त प्राध्यापिकांकडे गेलं. आरामखुर्ची नाटकवाल्यांनी मागितली, आत्याने नाही म्हटलं, ती तिच्याबरोबर गेली. बंगईला फ्लॅटच्या छतात कड्या नाहीत, ती सध्या माझ्याकडे आहे.

टेबल गेलं एका वास्तुरचना शिकणाऱ्या मुलीकडे, बजाजनगरला. ती आली तेव्हा तिने किंमत विचारायच्या आधी जमिनीवर आडवं होऊन टेबलाचं पोट पाहिलं. आत्याने तिथेच ठरवून टाकलं. हलवायला आम्ही मुद्दाम मार्गशीर्ष निवडला, हवा ना फार कोरडी ना ओली. कूलरच्या वाटेत ठेवू नकोस, भिंतीला चिकटवू नकोस, एवढं सांगितलं.

जुलैत तिचा आत्याला फोन आला. आवाजात काळजी. "आजी, उजवीकडचा खण अडकलाय. ओढूनही येत नाही. मिस्त्री म्हणतात, रंधा मारून थोडा कमी करू का?"

"अजिबात नको," आत्या म्हणाली. "दर पावसाळ्यात रुसतो तो. आत काही लागायचं आहे का तुला?"

"नाही, तसं काही नाही."

"मग दिवाळीपर्यंत थांब. आपणहून उघडेल."